पिशवीत मावणारी डीएनए प्रयोगशाळा: कमी खर्चात, स्वतःच्या हातांनी

डोकं, शेपूट आणि खवले काढून पांढरे तुकडे केले की जिताडा कोणता आणि बासा कोणता, हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. मग विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढंच उरतं. पण मासा कसाही कापला तरी त्याच्या पेशींतला डीएनए तोच राहतो. न्यूयॉर्कमधल्या दोन शाळकरी मुलींनी २००८ मध्ये दुकानांतून आणि सुशीच्या हॉटेलांतून माशांचे तुकडे गोळा केले आणि कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात तपासायला पाठवले. ओळख पटलेल्या नमुन्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा भलत्याच नावाने विकला जात होता. त्या मुलींना प्रयोगशाळेचं सगळं काम विद्यापीठावर सोपवावं लागलं होतं. आज त्यातलं बरंचसं काम घरच्या टेबलावर होऊ शकतं, आणि त्यासाठी लागणारी यंत्रं आपल्याला बांधताही येतात.

डीएनए काढायचा, त्यातल्या हव्या त्या तुकड्याच्या पीसीआरने, म्हणजे तापमानाची आवर्तनं देऊन, असंख्य प्रती करायच्या, त्या खरंच झाल्या का हे वीज सोडलेल्या जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांवरून पाहायचं आणि शेवटी त्यातला अक्षरांचा क्रम वाचून घ्यायचा, अशी ही चार कामं आहेत. पहिली तीन आपण करायची. चौथं पैसे देऊन बाहेरून करून घेणंच स्वस्त पडतं.

या वाटेवर आधी बरेच जण चालले आहेत. अर्डुइनो या छोट्या संगणकीय पाटीवर चालणाऱ्या 'ओपनपीसीआर' यंत्राचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे. स्वित्झर्लंडच्या गौडी लॅब्जचं 'पॉकेटपीसीआर' हातात मावतं आणि यूएसबीवर चालतं. लंडनच्या 'बेन्टो लॅब'ने पीसीआर, सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) आणि जेल अशी तिन्ही यंत्रं एकाच पेटीत बसवली. 'मिनीपीसीआर' तर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचलं. आपल्याकडे गोव्यातल्या वेर्णा इथल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं 'ट्रूनॅट' क्षयरोगाच्या तपासणीसाठी वापरलं जातं. ते वैद्यकीय दर्जाचं यंत्र आहे, आपल्या छंदाचा आणि त्याचा पल्ला वेगळा. पण डीएनएची तपासणी वातानुकूलित खोलीबाहेर नेता येते, हे त्याने आपल्याच भागात दाखवून दिलं आहे.

आधी एक प्रश्न ठरवा

स्वस्त यंत्र बांधायचं तर त्याने काय करायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. बाजारातली महागडी पीसीआर यंत्रं ९६ नळ्या एकदम चालवतात, ४ अंशांपर्यंत गार होतात आणि वेगवेगळ्या रांगांना वेगवेगळं तापमान देतात. आपला प्रश्न 'हा मासा कोणता?' एवढाच असेल तर पाच नळ्या पुरतात. खोलीच्या तापमानाखाली जायची गरज नाही, आणि नेमका हाच गार करण्याचा भाग सर्वांत खर्चिक आणि वीजखाऊ असतो.

माशांसाठी वाट चांगली मळलेली आहे. ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये असं सुचवलं की प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) 'सीओआय' जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा ओळखपत्रासारखा वापरावा. २००५ मध्ये माशांसाठीचे 'फिश-एफ१' आणि 'फिश-आर१' हे प्रायमर, म्हणजे हव्या तुकड्याची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे धागे, प्रसिद्ध झाले. शेकडो जातींवर चाललेले प्रायमर हातात असताना नवे शोधत बसू नका.

पहिली पायरी: मोजमापाची साधनं

बहुतेक जण सुरुवात पीसीआर यंत्रापासून करतात. मी आग्रहाने सांगेन की आधी मोजण्याची साधनं तयार करा. तापमान आणि आकारमान यांवर भरवसा नसेल तर प्रयोग फसल्यावर दोष कुठे शोधायचा हेच कळत नाही, आणि सगळा राग बिचाऱ्या एन्झाइमवर निघतो.

तापमानासाठी थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो १०० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सुटा भाग, घ्या. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सहज मिळतो. प्रिंटरमध्ये त्याच्या जोडीला ४.७ किलोओहमचा रोधक असतो, कारण तिथे २०० अंशांच्या आसपास मोजायचं असतं. आपला पट्टा ५० ते ९५ अंशांचा आहे. नेहमीच्या ३९५० बीटाच्या (रोध तापमानाबरोबर किती बदलतो ते सांगणारा आकडा) थर्मिस्टरचा रोध ५४ अंशांना सुमारे ३१ किलोओहम आणि ९५ अंशांना सुमारे ८ किलोओहम असतो. या दोन्हींच्या मधला, म्हणजे १५ किलोओहमचा रोधक लावला की अर्डुइनोचं साधं दहा बिटांचं मापनही ५४ अंशांपाशी एका अंशाचे आठ भाग करू शकतं. आपल्याला तेवढं पुरे.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तापमानांशी माप ताडून घेणं. वितळत्या बर्फाच्या पाण्यात शून्य अंश नोंदवा. दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा, आणि इथे आपण कुठे राहतो हे महत्त्वाचं ठरतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत पाणी १०० अंशांना उकळतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात ते ९८ अंशांच्या किंचित वर उकळतं आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णवला. पुण्यात बसून उकळत्या पाण्याला १०० म्हटलं तर यंत्र ९५ दाखवत असताना नळीत जेमतेम ९३ असतील. मधला तिसरा बिंदू हवा म्हणून कोमट पाण्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि थर्मिस्टर शेजारी धरून ४० अंशांच्या आसपास ताडून बघा.

आकारमानासाठी मायक्रोपिपेट लागतो. एखादं मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) मोजायला इंजेक्शनची सिरिंज चालत नाही, म्हणून खर्चाचा पहिला मोठा घास इथेच घ्या. ०.५ ते १० आणि १० ते १०० मायक्रोलिटरचे दोन पिपेट पुरतात. वापरलेले मिळाले तरी चालतील, फक्त तपासून घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. त्यावर झाकणाची नळी ठेवून १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा. वजन १.०० ग्रॅम भरलं पाहिजे. छोट्या पिपेटने १० मायक्रोलिटर वीस वेळा सोडलं की ०.२० ग्रॅम यायला हवं. हाच काटा पुढे अगारोज, म्हणजे जेल बनवायची पूड, तोलायलाही लागणार आहे.

दुसरी पायरी: जेलची पेटी

ही आधी बांधायची, कारण पुढचं सगळं काम जमलं की नाही हे दाखवणारा डोळा हीच आहे. रचनेत अवघड काही नाही. ३ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकचे तुकडे नावांच्या पाट्या करणाऱ्याकडून कापून घ्या आणि क्लोरोफॉर्मसारखं तीव्र द्रावण घरी आणण्यापेक्षा जोडही त्याच्याकडूनच करून घ्या. जेलचा ट्रे ७ बाय ७ सेंटिमीटर, बाहेरची पेटी त्याहून लांब, आणि दोन टोकांच्या इलेक्ट्रोडमध्ये १० सेंटिमीटर अंतर. जेलमध्ये नमुन्यासाठी खड्डे पाडणाऱ्या कंगव्याचे दात ५ मिलिमीटर रुंद, सुमारे दीड मिलिमीटर जाड आणि ट्रेच्या तळापासून १ मिलिमीटर वर राहतील असे. ते तळाला टेकले तर खड्ड्यांना बूड राहत नाही आणि नमुना खालून निसटतो.

प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडसाठी प्लॅटिनमची तार वापरतात. आपण २ मिलिमीटर जाडीच्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या शिशाच्या कांड्या वापरू. त्या ग्रॅफाइटच्या असतात. धन बाजूची कांडी हळूहळू झिजते, बफरमध्ये (जेल ज्यात बुडतं त्या क्षारांच्या पाण्यात) काळे कण दिसू लागले की बदलायची. स्टीलची तार ऋण बाजूला चालून जाईल, पण धन बाजूला ती गंजते आणि तिच्यातला धातू बफरमध्ये उतरतो. तिथे स्टील नको.

वीज किती द्यायची? प्रयोगशाळेत १०० व्होल्ट किंवा जास्तही देतात. घरात, खाऱ्या पाण्याच्या पेटीजवळ, मुलांच्या आसपास मी ४८ व्होल्टच्या वर जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. घरातली २३० व्होल्टची वीज थेट किंवा नुसता डायोड लावून या पेटीला जोडण्याचे आराखडे इंटरनेटवर फिरतात. ते जीवघेणे आहेत, कोणत्याही परिस्थितीत करू नका. घरातल्या विजेपासून विलगीकरण असलेला ४८ व्होल्टचा तयार पॉवर सप्लाय मिळतो, तो घ्या. प्रवासात ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४५ व्होल्ट होतात. १० सेंटिमीटर अंतराला ४८ व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला जवळजवळ ५ व्होल्ट, आणि छोट्या जेलला ते व्यवस्थित पुरतं.

व्होल्टेज कमी असलं तरी चांगला बफर घेतला की काम नीट होतं. नेहमीच्या ट्रिस बफरपेक्षा सोडियम बोरेटचा बफर स्वस्त असतो आणि कमी तापतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि बोरिक ॲसिड वापरतात. कॉस्टिक हाताळायचं नसेल तर टाकणखार घ्या: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.९ ग्रॅम टाकणखार आणि १.१ ग्रॅम बोरिक ॲसिड. सोडियम आणि बोरॉनचा हिशेब केला तर हे मिश्रण मूळ कृतीशी जुळतं. दोन्ही वस्तू केमिकलच्या दुकानातून शुद्ध दर्जाच्या घ्या. कॅरमवर टाकायच्या पावडरीत हल्ली काय काय मिसळलेलं असतं, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. बोरेट पोटात जाणं वाईट, म्हणून बाटलीवर ठळक नाव लिहा आणि स्वयंपाकघरातली भांडी यासाठी वापरू नका.

अगारोज महाग वाटतो आणि किराणा दुकानातला चायना ग्रास डोळ्यांसमोर येतो. खाण्याचे रंग पळवून बघायला चायना ग्रास छान आहे, शाळेतल्या मुलांसमोर जरूर करा. डीएनएसाठी मात्र त्यातले विद्युतभारित घटक आड येतात आणि पट्टे फरफटतात. इथे काटकसर करू नका. ३० मिलिलिटर बफरमध्ये ०.४५ ग्रॅम अगारोज, म्हणजे दीड टक्क्याचं जेल, ६५० अक्षरांच्या तुकड्याला योग्य. उकळताना द्रावण अचानक उसळतं, तेव्हा मोठं भांडं आणि जाड हातमोजे वापरा.

रंगासाठी एथिडियम ब्रोमाइड घरात आणू नका, ते डीएनएत घुसून बदल घडवतं. 'सायबर सेफ' किंवा त्या प्रकारचा रंग घ्या. हा रंग निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो, त्यामुळे अतिनील दिव्याची गरज उरत नाही. सुमारे ४७० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीची पट्टी खाली, वर दुधी ॲक्रिलिक, त्यावर जेल, आणि डोळ्यांपुढे नारिंगी ॲक्रिलिकचा तुकडा. तोच तुकडा मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरला की फोटो निघतो. निळ्या एलईडीकडे थेट टक लावून पाहू नका. मिथिलीन ब्लू याहून स्वस्त आहे, पण त्याने पट्टा दिसायला कित्येक पट जास्त डीएनए लागतो. पीसीआर भरघोस झाला तरच तो उपयोगी.

पेटी तयार झाली की आधी नुसते खाण्याचे रंग पळवा. वीज सुरू असताना ऋण बाजूला धन बाजूपेक्षा जास्त बुडबुडे आले पाहिजेत, कारण पाण्यातून हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट निघतो. तारा उलट्या लागल्या नाहीत ना, हे ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. डीएनए ऋणभारित असतो, तो लाल तारेकडे धावतो. नंतर विकतचा १०० अक्षरांच्या टप्प्यांचा डीएनए लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, लावा. त्याच्या पायऱ्या सुट्या दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: पीसीआर यंत्र

पीसीआर म्हणजे तापमानाची आवर्तनं. ९४ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात, ५४ ला प्रायमर चिकटतात, ७२ ला एन्झाइम नवा धागा विणतो, आणि हे ३५ वेळा. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली, तेव्हा वापरातला एन्झाइम प्रत्येक आवर्तनात उष्णतेने मरत असे आणि दर वेळी नवा घालावा लागे. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूपासून मिळालेला 'टॅक' एन्झाइम आल्यावर नळी बंद ठेवून सगळं यंत्रावर सोपवता आलं. मुलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरगुती आराखड्यांत पेल्टियर, म्हणजे विजेने एका बाजूने तापणारी आणि दुसरीने गार होणारी चकती, फार वापरतात. मी तो टाळतो. ४० मिलिमीटरचा साधा, स्वस्त पेल्टियर १२ व्होल्टला ६ अँपिअरपर्यंत खातो, प्रवाह उलटा करायला वेगळं सर्किट लागतं, मोठं हीट सिंक लागतं, आणि सतत गरम-गार होण्याने त्याचे आतले सांधे निकामी होतात. खोलीच्या तापमानाखाली जायचंच नसेल तर गरम करायला हीटर आणि गार करायला पंखा एवढ्यावर भागतं.

ॲल्युमिनियमचा ४५ बाय २० बाय १५ मिलिमीटरचा ठोकळा घ्या. त्याचं वजन साधारण ३६ ग्रॅम, भोकं पाडल्यावर ३० च्या आसपास. ०.२ मिलिलिटरच्या पाच नळ्यांसाठी एका रांगेत ९ मिलिमीटर अंतरावर भोकं पाडून घ्या. नळीचा खालचा भाग निमुळता असतो, त्यामुळे लेथवाल्याकडे एक नळी नमुन्याला देऊन तिच्या आकाराचं भोक करून घेणं उत्तम. नुसत्या ड्रिलच्या सरळ भोकात नळी अधांतरी राहते. बारीक फट राहिलीच तर प्रत्येक भोकात एक थेंब लिक्विड पॅराफिन सोडा, उष्णता नीट पोचते.

रांगेच्या शेजारून, दोन्ही टोकांनी, ६ मिलिमीटर जाडीचा एकेक सिरॅमिक हीटर घुसवा. हाही थ्रीडी प्रिंटरचाच सुटा भाग, १२ व्होल्ट ४० वॉटचा. एकच हीटर लावला तर त्याच्या बाजूच्या आणि दूरच्या नळीत काही अंशांचा फरक पडतो. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ०.९ ज्यूल, म्हणजे ३० ग्रॅमचा ठोकळा एक अंश तापवायला २७ ज्यूल लागतात. ८० वॉटने कागदावर सेकंदाला ३ अंश चढायला हवेत. गळती धरून दोन मिळाले तरी समाधान माना.

हीटर एका लॉजिक-लेव्हल मॉस्फेटने (अर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) आणि पंखा दुसऱ्या मॉस्फेटने अर्डुइनो नॅनोला जोडा. आता एक गोष्ट कितीही घाई असली तरी सोडू नका. मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा 'चालू' अवस्थेत अडकतो, आणि ८० वॉटचा हीटर लाकडी टेबलावर बेलगाम तापत राहतो. म्हणून हीटरच्या तारेत १२० ते १३० अंशांना तुटणारा थर्मल फ्यूज लावा आणि तो ठोकळ्याला घट्ट चिकटवून बसवा. प्रोग्रॅममध्येही दुसरा पहारा ठेवा: थर्मिस्टरची तार सुटल्यासारखं माप आलं किंवा हीटर चालू असूनही तापमान चढत नसेल तर सगळं बंद.

नियंत्रणासाठी पीआयडी पद्धत (हव्या तापमानापासूनचा फरक पाहून हीटर कमी-जास्त करणारी) वापरा, अर्डुइनोसाठी तयार लायब्ररी मिळते. ९४ ला पोचताना ठोकळा एखादा अंश पुढे गेला तर बिघडत नाही. ५४ ला मात्र खाली घसरता कामा नये. तापमान उतरलं की प्रायमर नको तिथे चिकटतात आणि जेलवर फालतू पट्टे येतात.

ठोकळ्याचं तापमान आणि नळीतल्या द्रवाचं तापमान एक नसतं. एका नळीत २५ मायक्रोलिटर पाणी आणि वर पॅराफिनचा थर घेऊन त्यात मण्याएवढा बारीक थर्मिस्टर बुडवा, संपूर्ण प्रोग्रॅम चालवा आणि दोन्ही आलेख शेजारी काढा. द्रव ठोकळ्यामागे काही सेकंद रेंगाळतो. तेवढे सेकंद प्रत्येक टप्प्यात वाढवा.

मोठ्या यंत्रांना १०५ अंशांच्या आसपास तापणारं झाकण असतं, नाहीतर पाण्याची वाफ होऊन ती नळीच्या टोपणाला जाऊन बसते. आपण ते झाकण गाळून प्रत्येक नळीत २० मायक्रोलिटर लिक्विड पॅराफिनचा थर देऊ. नंतर पिपेटची टिप त्या थराखाली नेऊन नमुना काढता येतो.

पंख्यावर गार होणाऱ्या यंत्राला ऋतूचा फटका बसतो. खोली ३० अंशांची असताना ९४ वरून ५४ वर यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दीडपट ४२ अंशांच्या खोलीत लागतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे काम करणाऱ्यांनी प्रयोग पहाटे लावावा किंवा पंख्याची हवा कूलरच्या झोतातून घ्यावी.

विजेचा हिशेबही आधीच करा. एका आवर्तनात ४० अंश चढायला सुमारे १,०८० ज्यूल, ३५ आवर्तनांना साधारण साडेदहा वॉट-तास. त्यात तापमान टिकवण्याचा खर्च आणि पंखा मिळवला तर ३५ ते ४० वॉट-तास धरून चाला. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तासांची. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, त्यामुळे एक प्रयोग तीत बसतो. ज्यांच्या गावात भारनियमन आहे त्यांनी घरीही बॅटरीवरच चालवावं. विसाव्या आवर्तनाला वीज गेली की त्या नळ्या वाया जातात.

सेंट्रिफ्यूज: शेवटी, आणि लागलाच तर

नळीच्या भिंतीवर उडालेले थेंब तळाशी आणायला आणि गाळ बसवायला सेंट्रिफ्यूज लागतो. गुरुत्वाच्या किती पट ओढ मिळते ते काढायचं सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले मिनिटातल्या फेऱ्यांचा वर्ग. ५ सेंटिमीटर त्रिज्या आणि ३,००० फेऱ्यांना सुमारे ५०० पट ओढ मिळते. आपल्या कामाला तेवढी भरपूर आहे. जास्त वेगाच्या मागे लागू नका. थ्रीडी प्रिंट केलेलं चक्र फुटलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात. जाड धातूच्या डब्यात बसवा, झाकण उघडलं की वीज तुटेल असा स्विच लावा, समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवा. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१७ मध्ये दोरीवर फिरणाऱ्या भिंगरीच्या तत्त्वावर कागदी सेंट्रिफ्यूज दाखवला होता. विजेशिवाय काम करायचं असेल तर तो करून बघण्यासारखा आहे. खालच्या पद्धतीत मात्र नळी दहा मिनिटं स्थिर उभी ठेवली तरी भागतं.

चौथी पायरी: नमुना आणि डीएनए

नमुना बाजारात विकत घेतलेल्या माशाचाच घ्या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारे मासे, उदाहरणार्थ देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क, यांचा तुकडासुद्धा गोळा करायचा नाही. आजारी माणसांचे किंवा जनावरांचे नमुने, जिवाणूंची वाढ, दुसऱ्याच्या डीएनएची त्याच्या संमतीविना तपासणी, हे सगळं घरात वर्ज्य. डीएनए वाचणं वेगळं आणि सजीवाचा डीएनए बदलणं वेगळं. बदलण्याच्या कामाला पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात, त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि परवानग्या लागतात. या लेखातली यंत्रं फक्त वाचण्यासाठी आहेत.

तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा माशाच्या आतल्या भागातून, नव्या ब्लेडने घ्या. बाहेरच्या भागाला टोपलीतल्या इतर माशांचा डीएनए लागलेला असतो. तुकडा १०० मायक्रोलिटर ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) टाका, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.२ ग्रॅम. ९५ अंशांना २० मिनिटं ठेवा, आपल्याच ठोकळ्यात. गार झाल्यावर १० मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस, पीएच ८ चा, घालून हलवा आणि गाळ खाली बसू द्या. वरच्या पाण्यात पीसीआरला पुरेल एवढा डीएनए असतो. हायड्रॉक्साइड इतकं पातळ असलं तरी चष्मा आणि हातमोजे घाला.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष पीसीआर

एन्झाइम, न्यूक्लिओटाइड (डीएनएची सुटी अक्षरं) आणि क्षार एकत्र असलेलं दुप्पट तीव्रतेचं तयार मास्टर मिक्स घ्या. सुटे घटक विकत घेणं नवख्याला महागात पडतं. ते उणे २० अंशांना ठेवावं लागतं आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये तापमान वरखाली होतं. म्हणून आल्या दिवशीच छोट्या नळ्यांत वाटून ठेवा आणि त्या जेल पॅकमध्ये खोचून ठेवा. लांब प्रवासाला जाणार असाल तर खोलीच्या तापमानाला टिकणारं, सुकवलेलं मिश्रणही मिळतं. प्रायमर आणि एन्झाइम पुरवणाऱ्या कंपन्या अनेकदा संस्थेच्या नावावर मागणी मागतात, तेव्हा जवळच्या महाविद्यालयातल्या जीवशास्त्र विभागाशी आधी ओळख करून घ्या.

एका नळीचं प्रमाण, मायक्रोलिटरमध्ये: मास्टर मिक्स १२.५, दहा मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर प्रत्येकी १, डीएनए १, शुद्ध पाणी ९.५. एकूण २५. वर पॅराफिन.

पाच नळ्यांपैकी दोन कायम राखीव. एकीत डीएनएऐवजी पाणी. तिथे पट्टा दिसला तर कुठेतरी भेसळ झाली आहे आणि त्या दिवशीचे सगळे निकाल बाद. दुसरीत तुम्ही स्वतः अख्खा पाहून ओळखलेल्या माशाचा डीएनए. तिथे पट्टा आला नाही तर यंत्र किंवा रसायनात दोष आहे. हातात पाचच जागा असताना दोन 'वाया' घालवणं जिवावर येतं, पण त्या दोघींशिवाय उरलेल्या तिघींचं म्हणणं कोणी ऐकू नये.

प्रोग्रॅम: ९५ ला २ मिनिटं, मग ३५ वेळा ९४ ला ३० सेकंद, ५४ ला ३० सेकंद, ७२ ला १ मिनिट, शेवटी ७२ ला १० मिनिटं. गरम-गार होण्याचा वेळ धरून दोन ते अडीच तास जातात.

नळ्या भरायचं टेबल आणि जेल लावायचं टेबल वेगळ्या खोल्यांत ठेवा. एका नळीत तयार झालेले तुकडे अब्जांच्या घरात असतात, त्यातला अंशही पुढच्या प्रयोगाच्या नळीत गेला तर तो वाढत राहतो. पिपेटसुद्धा शक्य तर वेगळे, निदान टिप तरी फिल्टरच्या.

निकाल आणि पुढचं वाचन

प्रत्येक नळीतून ५ मायक्रोलिटर घेऊन, लोडिंग डाय (नमुना जड करून खड्ड्यात बसवणारा रंग) मिसळून, लॅडरच्या शेजारी जेलवर लावा आणि ४८ व्होल्टवर पाऊण ते सव्वा तास चालवा. ७०० च्या पायरीपाशी एकच ठसठशीत पट्टा हवा. वाढलेल्या तुकड्यात प्रायमरची लांबीही धरलेली असते, म्हणून तो ६५० पेक्षा थोडा वर दिसतो. पट्टा नसेल तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. माशाच्या अर्कातले इतर पदार्थ एन्झाइमला अडवतात आणि पातळ केल्यावर त्यांचा जोर ओसरतो. दोन-तीन पट्टे असतील तर ५४ चं ५६ करून पाहा. तळाशी, १०० च्या खाली धूसर ठिपका म्हणजे प्रायमरच एकमेकांना चिकटले आहेत, नमुना पोचलाच नसावा.

पट्टा दिसला म्हणजे माशाची जात कळली असं नाही. जिताडा असो की बासा, दोघांचाही पट्टा याच जागी येतो. उरलेले २० मायक्रोलिटर सँगर पद्धतीने अक्षरांचा क्रम वाचून घेण्यासाठी पाठवा. अशी सेवा देणाऱ्या प्रयोगशाळा भारतात आहेत. दोन्ही बाजूंनी वाचून मागा. नुसत्या अक्षरांच्या यादीवर थांबू नका, शिखरांचा आलेखही मागवून घ्या. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं बहुधा अस्पष्ट असतात, ती छाटा. उरलेला क्रम ग्वेल्फच्याच 'बोल्ड' या माहितीसाठ्यात टाका. जुळणी ९८ टक्क्यांहून जास्त असेल आणि पहिल्या काही ओळींत एकाच जातीचं नाव येत असेल तर ओळख पक्की धरायला हरकत नाही. दोन जवळच्या जातींची नावं सारख्याच टक्क्यांनी आली तर 'या दोहोंपैकी एक' एवढंच लिहा.

वहीत तारीख, दुकान, विकताना सांगितलेलं नाव, तुकड्याचा फोटो, जेलचा फोटो आणि यंत्राने नोंदवलेला तापमानाचा आलेख एकत्र ठेवा. उरलेला मांसाचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जपून ठेवा. नाव चुकीचं निघालं तर विक्रेत्याकडे बोट दाखवण्याआधी त्या तुकड्यातून नव्याने डीएनए काढून दुसऱ्यांदा तपासा, आणि त्याच दुकानातून वेगळ्या दिवशीचा आणखी एक नमुना घ्या. घाऊक बाजारापासून पाटीपर्यंत मासा अनेक हातांतून जातो आणि नाव नेमकं कोणत्या हाती बदललं हे एका नळीवरून कळत नाही.